शिडी कोणाची

विषय आणा, म्हणतात वर्दगेस सर,
जणू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो,
पावशेर, कागदात बांधून.

पहिला त्यांनी उभ्याउभ्याच वाचला :
'संक्रमणकाळातील आर्मेनियन समाज.'
"केवढा समाज?" म्हणाले. "आणि निघालाय कुठे?"
दुसरा होता स्थलांतराचा.
"या खिडकीतून दगड भिरकावला
तर स्थलांतरावर लिहिणाऱ्या तिघांना लागेल.
त्यातल्या दोघांना मीच पास केलंय."
तिसऱ्याचं नाव मला आता आठवत नाही.
त्यात 'बहुआयामी' दोनदा होतं.

मुदत सोमवारपर्यंत.

शनिवारी मिनीबसने ग्युमरीला निघाले,
मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर कोरी फाइल,
फाइलचं नाव : विषय अंतिम खरंच.
शेजारचा म्हातारा डोकावून म्हणाला,
"पोरी, यात काहीच दिसत नाही गं."
"हो ना," म्हटलं, "तिथेच तर घोडं अडलंय."

घरी छतावर हातभर बर्फ.
पत्रा वाकलेला. आई म्हणाली,
"आधी शिडी आण, मग तुझं विद्यापीठ."

शिडी झान्नाकडे.
झान्ना म्हणाली, होती, नाताळात होती; आता सेयरानकडे.
सेयरान झोपलेला. त्याची बायको म्हणाली,
आम्ही कधीच दिली ती क्नारिकला,
सोबत लोणच्याची बरणीही दिली,
ती मात्र परत आली नाही.
क्नारिककडे बसावं लागलं,
कॉफी प्यावी लागली. कप उपडा करून
तिने गाळात माझं लग्न पाहिलं,
प्रबंध काही दिसला नाही तिला.
शिडी? ती ओव्सान्नाच्या डोमिकला टेकलेली.
डोमिक म्हणजे भूकंपानंतर मिळालेलं तात्पुरतं घर,
जे माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठं आहे.

"कोणाची गं ही?" मी सहज विचारलं.
ओव्सान्ना म्हणाली, "तुमचीच ना?"

खांद्यावर शिडी घेऊन परत येताना
त्याच दारांत पुन्हा थांबले.
झान्नाच्या मते ती मान्वेलची,
जो क्रास्नोदारला गेला तो गेलाच.
सेयरान आता जागा होता, म्हणाला, चर्चची,
बायको म्हणाली, चर्चची वेगळी, ती हिरवी.
क्नारिक म्हणाली, शिडी काय कोणाची असते,
ज्याचं छत गळतं त्याची.
"आणि लोणच्याची बरणी?"
तिने विषय बदलला.
मला तेवढंही जमत नव्हतं.

मी वर चढले. आई खाली, शिडी धरून.
चौथ्या पायरीवर परक्या लिपीत काही कोरलं होतं,
बोट फिरवलं, वाचता येईना.
"ते लोक विमानाने आले होते," आई म्हणाली, "कुत्री घेऊन.
डिसेंबर होता. शाळेच्या दुसऱ्या मजल्याला लावली त्यांनी.
जाताना विसरले, की ठेवून गेले, कोणास ठाऊक."
मग बराच वेळ नुसता फावड्याचा आवाज.
"मी उतरले ना हिच्यावरून," आई म्हणाली.
"त्या कडेचा काढ आता. तिथेच वजन पडतं."

सोमवारी सरांचा चष्मा कपाळावर.
"शिडी," मी म्हटलं. आणि जे होतं ते सांगितलं,
बरणीसकट. आईचं सोडून.
"पायऱ्या किती?"
"अकरा."
"सगळ्या मूळच्या?"
"सातवी नाही. तिचं लाकूड वेगळं आहे."
"कोणी बसवली?"

त्यांनी सही केली नाही.
माझ्या कागदावर तो एकच शब्द लिहिला, कोणी,
आणि पुढचं प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलं
की ते पाठीमागेही उमटलं.

रात्री आईला फोन लावला.
"शिडी? ती काल नेली की.
कोणीतरी पोरगा आला होता.
नाव नाही विचारलं."